देव हलवायचा की नाही: पंचगंगेकाठच्या एका घराचं प्रकरण

गुरुवार, २२ जुलै २०२१. सकाळपासून पावसाला खळ नव्हती. कोल्हापूर जिल्ह्यात, करवीर तालुक्यातल्या एका नदीकाठच्या गावात, खालच्या आळीतल्या घरात, अडुसष्ट वर्षांचे एक गृहस्थ दिवेलागणीला देवापुढं बसले होते. हातात दोन फुलं, समोर दत्ताच्या चांदीच्या पादुका. त्यांना कौल लावायचा होता. सात महिन्यांची गरोदर सून दारात पिशवी भरून उभी होती. मुलगा गोठ्यात म्हशींची दावी सैल करत होता आणि दर पाच मिनिटांनी मोबाइलवर राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत होता. घरातलं कुणीच कुणाशी बोलत नव्हतं.

ही संध्याकाळ नीट समजायची तर दोन वर्षं मागं जावं लागेल.

या घराला मी २०१९ पासून ओळखते. त्या वर्षीच्या महापुरानंतर निवारा केंद्रात लोकांशी बोलायचं, त्यांचं ऐकून घ्यायचं काम मी करत होते. पुढंही त्या गावी जाणं-येणं राहिलं. घरच्यांनी होकार दिला म्हणून हे लिहिते आहे. नावं दिलेली नाहीत, घरात जी हाक मारतात तीच ठेवली आहे: आबा, त्यांच्या पत्नी आत्ती, मुलगा, सून. आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी. माझंही माहेर दत्तभक्तांचं आहे. त्यामुळं या प्रकरणात मी तिऱ्हाईत नाही. आबांचा प्रश्न माझाही प्रश्न होता.

तिसरी पायरी

पंचगंगेकाठच्या माणसाला पूर नवा नाही. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्यांची खोरी भरून आली की राजाराम बंधाऱ्यावरचा आकडा घराघरांत फिरू लागतो. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, धरण भरलं की ते आपोआप उघडतात. कितवा दरवाजा कधी उघडला यावरून आपल्या पाणंदीत पाणी कधी येईल, याचा अंदाज जुनी माणसं बांधतात. पण हा हिशेब एका ठिकाणी फसतो. नरसोबाच्या वाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णाच तुडुंब असली तर पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, मागं फुगतं. त्याला आमच्याकडं फूग म्हणतात. फुगीचं पाणी आवाज करत नाही. झोपताना पाणंदीत असतं आणि पहाटे उंबऱ्याशी येऊन उभं राहतं.

आबांच्या घराला चार दगडी पायऱ्या होत्या. १९८९ च्या पुरात पाणी तिसऱ्या पायरीला लागलं आणि माघारी गेलं. आबा तेव्हा छत्तीस वर्षांचे होते. त्याच वर्षी त्यांनी नरसोबाच्या वाडीची, दत्ताची, पौर्णिमेची वारी धरली. २००५ लाही तसंच झालं: पाणी तिसऱ्या पायरीपर्यंत आलं, रात्रभर थांबलं आणि उतरलं. तेव्हापासून ती पायरी म्हणजे घरातलं एक देवस्थानच झालं. दर पावसाळ्यात नदी पात्राबाहेर पडली की आत्ती खण-नारळानं तिची ओटी भरायच्या आणि त्याच हातानं तिसऱ्या पायरीला हळदकुंकू लावायच्या.

याला अंधश्रद्धा म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला तसं म्हणवत नाही, कारण आबांच्या डोक्यात वाडी होती. वाडीचं दत्तमंदिर औदुंबराखाली, अगदी नदीकाठाला. पावसाळ्यात कृष्णा चढते, पाणी एका दारानं देवळात शिरतं, मनोहर पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेकडच्या दारानं बाहेर पडतं. हा दक्षिणद्वार सोहळा. त्या पाण्यात अंघोळ करायला लांबलांबून माणसं येतात. इतर ठिकाणी देवळात पाणी शिरलं की संकट म्हणतात, इथं पर्वणी म्हणतात. नदी देवाच्या पायाला लागायला येते, पाय धुते आणि आपल्या वाटेनं जाते. तीस वर्षं हे बघितलेल्या माणसाला स्वतःच्या पायरीशी आलेलं पाणीही तसंच दिसलं, तर त्यात नवल काय?

आबा एकदा मला म्हणाले होते, "ताई, ती काय वैरीण हाय व्हय? माई हाय ती. पाया पडायला येती आन् जाती."

ऑगस्ट २०१९

त्या वर्षी ५ ऑगस्टला, सोमवारी, नागपंचमी होती. गावात भोंग्यावरून सूचना सुरू होत्या, वरच्या आळीतली शाळा उघडून दिली होती. आबांनी कौल लावला. पादुकांवर डावी-उजवी दोन फुलं ठेवली आणि विचारलं, पाणी पायरी चढेल का? न चढायचं असलं तर उजवं पडू दे. उजवं पडलं.

मुलगा शिरोलीच्या एमआयडीसीत एका फौंड्रीत मोल्डिंगला होता. तो कामावरून आला तोच भडकून. बापलेकांचं वाजलं. "असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी, असं चाललंय तुमचं," असं तो बापाला बोलला. आबांच्या ते जिव्हारी लागलं. त्यानंतर घर सोडायचा विषयच राहिला नाही, कारण आता निघणं म्हणजे लेकाचं ते वाक्य कबूल करणं झालं असतं. हे आबांनी स्वतः मला पुढं कितीतरी महिन्यांनी सांगितलं. माझ्या मते २०१९ च्या त्या रात्रीची खरी गाठ इथं आहे. देवावरच्या भरवशात बापाचा मान मिसळला आणि दोन्ही वेगळे करणं कुणालाच जमलं नाही.

रात्रीत पाणी चौथी पायरी चढलं. पहाटे घरात कमरेएवढं झालं. माळ्यावर, तिथून शेजाऱ्याच्या स्लॅबवर, असं करत पाच वर्षांच्या नातीसह सगळे वर गेले. आबा गोठ्यात उतरले आणि छातीभर पाण्यात विळ्यानं दोन्ही म्हशींची दावी कापली. एक म्हैस दोन दिवसांनी माळावर सापडली. दुसरी गाभण होती, ती सापडली नाही. या माणसांना तिसऱ्या दिवशी बोटीतून काढलं. बंधाऱ्यावरची पातळी त्या पुरात ५५ फुटांच्या वर गेली होती. आबांच्या तिसऱ्या पायरीचं गणित ज्या दोन पुरांवर उभं होतं, त्यांच्यापेक्षा हा पूर निराळाच होता.

पाणी ओसरल्यावर घराची मागची भिंत बसलेली होती. मळईतला सव्वा एकर ऊस उभाच्या उभा कुजला, कारण पोंग्यात पाणी जाऊन बसलं होतं. देवघरातली तसबीर भिजून भिंतीला चिकटली होती, काढायला गेलं तर कागद हातात येत होता.

केंद्रात आबा माझ्याशी बोलले ते एकच वाक्य. "ताई, माझं काय चुकलं?"

मी उत्तर दिलं, "देवाची इच्छा, आबा."

ते वाक्य मी बोलायला नको होतं. ते खोटं आहे असं मला वाटत नाही. पण ज्याची गाभण म्हैस त्याच्या हातानं सोडलेल्या दाव्यासह वाहून गेली, त्याच्या कानाला ते कसं लागलं असेल? देवानं ठरवून माझी म्हैस नेली, असंच ना? आबा उठून गेले. पुढं तीन आठवडे माझ्यासमोर आले नाहीत. माझ्या कामातल्या चुका मी मोजते तेव्हा ही पहिली मोजते. समोरचा रडत असताना त्याला देवाच्या बाजूचं उत्तर देण्याची घाई आपल्यालाच असते, कारण त्याच्या प्रश्नानं आपलीही पायरी हलत असते.

भरवसा नक्की कशावर होता

आबांनी वाडीची वारी सोडली. सांजवात आत्ती लावायच्या, ते आत यायचे नाहीत. घरच्यांना वाटलं, यांचा देवावरचा विश्वास उडाला. मला तसं वाटलं नाही. विश्वास उडालेला माणूस देवाला विसरतो. आबा तर दिवसरात्र देवाशी भांडत होते, मनातल्या मनात. ज्याच्याशी भांडतो त्याला आपण धरूनच असतो.

पुढच्या चार-पाच भेटींत मी एवढंच केलं की त्या कौलाकडं परत परत आले. काय विचारलं होतं? पाणी पायरी चढेल का, हे. का विचारलं? आबा आधी म्हणाले, कळावं म्हणून. मग एकदा, म्हशीला वैरण घालता घालता, माझ्याकडं न बघता म्हणाले, "भ्या वाटत हुतं म्हणून."

मला वाटतं आबांच्या दुखण्याचं मूळ तिथं होतं. उद्याची भीती मोठी होती. ती घेऊन देवापुढं बसायचं सोडून त्यांनी देवाकडं उद्याची बातमी मागितली. बातमी मिळाली की भीती बंद. तीस वर्षं त्यांचा जो भरवसा होता तो हळूहळू देवावरून सरकून एका दगडावर आणि एका आकड्यावर येऊन बसला होता. पाणी अमुक इथवर येणार आणि तिथून परतणार, यावर. तो आकडा मोडला तेव्हा देव मोडल्यासारखं झालं. आपल्यातल्या किती जणांचं हेच होतं! पोराला नोकरी लागणार, रिपोर्ट चांगला येणार, कर्ज फिटणार, हे देवानं कबूल केलंय असं आपण मनाशी धरतो. देवानं कबूल केलेलं नसतं. आपणच त्याच्या वतीनं आपल्याला शब्द दिलेला असतो.

कौल लावणं वाईट, असं माझं म्हणणं नाही. आमच्या भागात लग्नापासून विहिरीपर्यंत लोक कौल लावतात आणि कित्येकदा त्यानं घरातली भांडणं मिटतात. पण ज्या प्रश्नाचं उत्तर बंधाऱ्यावर फुटाइंचांत मिळतंय, तो प्रश्न फुलाला विचारायचा नसतो, एवढं मी आबांना स्पष्ट सांगितलं. त्यांना ते पटलं की नाही, तेव्हा कळलं नाही.

दत्तजयंतीला ते स्वतःहून वाडीला गेले. चार महिन्यांनी. आल्यावर आत्तींच्या हातावर कवठाची बर्फी ठेवली आणि संध्याकाळी देवघरात जाऊन बसले. काय झालं, काय बोलणं झालं, मी विचारलं नाही. काही गोष्टी विचारल्या की उडून जातात.

मग कोरोना आला. वाडी बंद, सगळीच देवळं बंद. फौंड्रीत पाळ्या कमी झाल्या, मुलाचा पगार अर्ध्यावर आला. सरकारी मदत आणि सोसायटीचं कर्ज यांवर मागची भिंत उभी केली, तीही विटांची, गिलावा न करता. २०२१ च्या आषाढात सून दुसऱ्यांदा गरोदर होती. आषाढी एकादशी २० जुलैला झाली, गुरुपौर्णिमा २४ ला, शनिवारी होती. आबांनी ठरवलं होतं की यंदा वाडीला जाता येत नाही तर घरीच गुरुपौर्णिमा मोठी करायची. आणि मधल्या गुरुवारी पाऊस कोसळला.

ती संध्याकाळ

आता त्या दोन फुलांकडं येते. पुढचं मी आत्ती, सून आणि आबा यांच्याकडून वेगवेगळ्या वेळी ऐकलं आहे. तिघांच्या सांगण्यात फरक फार थोडा आहे.

सून दारातून म्हणाली, "मामा, मी पोरीला घेऊन शाळेत चालले. तुमचं तुमी बघा." तिच्या आवाजात राग नव्हता, ठरलेलं होतं. मुलगा आत आला नाही. २०१९ चं ते वाक्य त्यालाही बोचत होतं, पुन्हा तोंडातून तसलं काही निघेल या भीतीनं तो गोठ्यातच राहिला.

आबा म्हणाले, "परवा गुरुपुनव हाय. द्येव हितं ठेवून जायाचं कसं?"

हे वाक्य नीट ऐकायला हवं. या वेळी पाणी येणार नाही असं ते म्हणत नव्हते. पाणी येईल हे त्यांना दिसत होतं. प्रश्न बदलला होता. घर सोडलं तर देवाला सोडल्यासारखं होईल, हा तो प्रश्न. देव इथं आणि आपण सुरक्षित जागी, हे त्यांना सहन होत नव्हतं. आपण त्याच्यावर टाकलेला भरवसा खोटा ठरेल. म्हणून पुन्हा कौल. देवानंच सांगावं.

आत्ती चुलीपुढं होत्या. भाकरी थापता थापता उठल्या, पिठाच्या हातानं देवघराच्या उंबऱ्याशी आल्या आणि म्हणाल्या, "वाडीत पाणी चढलं की काय करत्यात?"

आबा गप्प.

"दक्षिणद्वार हुतंय तवर द्येव खाली. त्याच्यावर पाणी आलं की उत्सवमूर्ती वर न्हेत्यात का न्हाई, नारायणस्वामींच्या देवळात? तुमीच सांगत आलाय मला हे. तिथलं पुजारी काय अविश्वासी हायत? द्येव म्हणतोय व्हय, मी हितनं हलणार न्हाई म्हणून?"

यावर आबा काहीही बोलले नाहीत. आत्ती म्हणतात, ते बराच वेळ बसले. सून म्हणते, दोन मिनिटंही झाली नसतील. मग त्यांनी हातातली दोन्ही फुलं पादुकांवर वाहिली. कौल म्हणून ठेवली नाहीत, वाहिली. पादुका धुतल्या, पुसल्या, धुतल्या धोतराच्या फडक्यात बांधल्या आणि छातीशी धरून उठले. उंबऱ्यातून बाहेर पडताना मुलाला हाक मारली: "म्हसरं सोड रं."

आबा वाडीला तीस वर्षं गेले. पाणी चढल्यावर उत्सवमूर्ती वर नेतात हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं, दुसऱ्यांना कौतुकानं सांगितलं होतं. तरी २०१९ ला ते त्यांच्या उपयोगी पडलं नाही. दक्षिणद्वाराचं त्यांनी घेतलं, पण त्यानंतर पुजारी काय करतात ते घेतलं नाही. खरं तर वाडीची परंपरा दोन्ही एकत्र सांगते. पाणी पायाशी येईतो ते तीर्थ आहे, माणसं त्यात उतरतात, हात जोडतात. त्याच्या वर चढलं की देवाला उचलून वर नेतात. तिथले पुजारी नदीची पातळी बघत असतात. ती बघण्यात त्यांची भक्ती कमी पडते असं कुणी म्हणत नाही.

मी इतके दिवस आबांना जे सांगू बघत होते ते आत्तींनी थोडक्यात सांगितलं, आणि सांगितलं ते आबांच्याच भांडारातून काढून. बाहेरून आणलेलं शहाणपण तिथं टिकलं नसतं. मुलाकडं आकडे होते, ते बरोबर होते, पण आबांच्या प्रश्नाला ते लागू नव्हते. आबा विचारत होते देवाबद्दल आणि मुलगा उत्तर देत होता पाण्याबद्दल.

पाणी, आणि नंतर

शुक्रवारपर्यंत पंचगंगेनं धोका पातळी मागं टाकली होती. या वेळीही पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला. नवी मागची भिंत पडली, तिच्याबरोबर पुढची जुनीही. माणसं वाचली, म्हशी आणि रेडकू वाचलं. ऊस परत गेला.

शाळेच्या तिसरीच्या वर्गात गुरुजींच्या टेबलावर पादुका ठेवून आबांनी गुरुपौर्णिमा केली. फुलं शाळेच्या आवारातली सदाफुलीची. त्या खोलीत चार घरं होती. कुणीतरी खडीसाखर काढली. सून मला म्हणाली, "ताई, मामा आरती म्हणताना रडत हुतं, पर तसलं न्हाई." तसलं न्हाई म्हणजे काय, हे तिनं सांगितलं नाही आणि मला कळलं.

एखाद्याला वाटेल, देवावर भरवसा ठेवून योग्य वेळी निघाले, वाचले, संपलं प्रकरण. तसं झालं नाही. २०१९ पेक्षा २०२१ नंतरची वेळ जास्त कठीण होती. घर राहिलं नव्हतं. दोन हंगामांचा ऊस गेलेला, सोसायटीचं कर्ज डोक्यावर. फौंड्रीचा भरवसा नाही. सप्टेंबरात सून बाळंत झाली, मुलगी झाली. ती पहिले आठ महिने पत्र्याच्या खोलीत वाढली. घर त्याच जागेवर बांधायचं की वरच्या अंगाला जागा घ्यायची, यावर घरात मतं फुटली. पुढच्या पावसाळ्यात काय, हे कुणालाच माहीत नव्हतं. फूग कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळं येते की नदीतल्या भरावामुळं, यावर वर्तमानपत्रांत वाद चालू होता. आबांच्या घराला त्यातून काही ठरवता येत नव्हतं.

या दिवसांत मी आबांना जवळून बघितलं. त्यांची भीती गेली नव्हती. रात्री झोप लागत नव्हती, पत्र्यावर पाऊस वाजला की उठून बसत. पण एक सवय त्यांनी लावून घेतली होती. सकाळी पादुकांपुढं बसायचं आणि जे जे डोक्यात आहे ते मोठ्यानं सांगायचं: कर्जाचा हप्ता, पत्र्याची गळती, पोरीचं दूध, म्हशीचा कासदाह. मग म्हणायचं, "आज सांजवातीपतुर माझ्या हातात काय हाय तेवढं दाव." बाकीचं तिथंच ठेवून उठायचं. त्या दिवशी जे हातात असेल ते करायचं: डेअरीवर जाऊन आगाऊ रक्कम मागायची असेल, पत्र्यावर डांबर लावायचं असेल, तलाठ्याकडं पंचनाम्याची चौकशी करायची असेल. संध्याकाळी वात लावताना केलं की नाही ते सांगायचं.

उद्या काय होणार हे त्यांनी विचारायचं सोडलं. हे वाटतं तितकं सोपं नाही. मी स्वतः करून बघितलं, मला आठवडाभरही जमलं नाही. उद्याचा प्रश्न जिभेवर येतोच. आबांच्याही येत होता. फरक एवढाच की आला की ते तो पादुकांपाशी ठेवून देत, तो घेऊन अंथरुणावर जात नव्हते. निदान रोज जात नव्हते.

मुलाचं मत वेगळं आहे आणि ते इथं आलं पाहिजे. तो म्हणतो, "आबा वाचले ते आत्तीच्या तोंडामुळं आणि म्हसरं न्यायला मी आणलेल्या टेंपोमुळं. द्येवाचं नाव कशाला मधी?" मी त्याच्याशी वाद घातला नाही. तो टेंपो त्यानं दुपारीच सांगून ठेवला होता, कुणाला न विचारता. ते नसतं तर आत्तींचं वाक्य ऐकूनही म्हशी निघाल्या नसत्या. मला मात्र असं वाटतं की मुलाची ती धावपळ आणि आबांच्या छातीशी धरलेल्या पादुका ही एकाच रात्रीची दोन कामं होती. मुलाला हे पटत नाही. त्याला ते पटायलाच हवं असंही नाही.

आणि शेजारचं एक घर आहे. तीही देवभोळी माणसं, तीही गुरुवारी वेळेवर निघाली. त्यांच्या घरातल्या कर्त्या माणसाला निवाऱ्यात ताप भरला आणि ऑगस्टात ते गेले. त्या घरातल्या बाईंनी मला आबांचाच प्रश्न विचारला, आमचं काय चुकलं. या वेळी मी "देवाची इच्छा" म्हटलं नाही. "तुमचं काही चुकलं नाही," म्हटलं आणि त्यांच्याजवळ बसून राहिले. त्यांच्या घराबद्दल मी इथं जास्त लिहिणार नाही. आबांच्या घरच्या गोष्टीनं त्यांच्या घरचं दुःख झाकलं जाऊ नये, एवढ्यासाठी ते सांगितलं.

वरच्या अंगाला दोन गुंठे जागा घेतली ती २०२३ मध्ये. एक म्हैस विकली, सुनेनं बँकेत सोनं तारण ठेवलं. आबांचा विरोध होता. वाडवडिलांची जागा, देवाची जागा, तिसरी पायरी. सून म्हणाली, "मामा, पायरी घिऊन जाऊ की संगं." आबा हसले आणि सहीला गेले. पायरी मात्र नेली नाही. ती अजून खालीच आहे, गाळात अर्धी बुडालेली. त्या जागेवर सध्या पत्र्याच्या दोन खोल्या आहेत आणि घर अजून तिथंच राहतं, कारण वरचं काम जोत्यापर्यंत येऊन पैशांअभावी थांबलंय.

देवघर मात्र नवीन झालं. गावच्या सुताराकडून आबांनी सागवानी पेटी करून घेतली. पुढं दोन दारं, आत पादुका मावतील एवढी जागा, खाली दिव्याच्या सामानाला एक खण, आणि वर पितळेची कडी. सुतारानं विचारलं होतं, देव्हाऱ्याला कडी कशाला? आबांनी उत्तर दिलं नाही, कडी मजबूत बसव एवढंच सांगितलं.

२०२४ च्या जुलैत पंचगंगा पुन्हा धोका पातळीच्या वर गेली. त्याच्या आधीच, पाणी इशारा पातळीला आलं त्या दिवशी, मला आबांचा फोन आला. मागं म्हशीच्या गळ्यातली घंटा वाजत होती, धाकटी नात काहीतरी मागत होती, टेंपो सुरू असल्याचा आवाज होता.

"ताई, एकोणचाळीस झालं. द्येव फुडं गेलं. आमी मागनं निघालोय."

आणि फोन ठेवला.